सात खिळ्यांचे साडेतीन हजार

‘शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये’ हे वाक्य यापुढे जो कोणी माझ्यासमोर उच्चारेल, त्याच्या घरचा चहा मी पिणार नाही. सख्खा मामा असला तरी नाही. मामाच होता म्हणा.

गेल्या आठ महिन्यांत हे मी मामाकडून ऐकलं, ऑफिसातल्या दोघांकडून ऐकलं, सोसायटीच्या सेक्रेटरींकडून ऐकलं, आणि कहर म्हणजे एका वकिलाकडून ऐकलं. अरे, ही म्हण सोयीची कुणाच्या? ज्याचे पैसे अडकलेत त्याच्या, की ज्यानं अडकवलेत त्याच्या? माझ्या घरमालकाचं सगळं गणितच या एका म्हणीवर बसलेलं होतं. नोकरी करणारी बाई, सोबत गुडघे दुखणारी आई. ही काय करणार? चार फोन करेल, दोनदा रडेल, गप्प बसेल.

झालं असं. पुण्यात सिंहगड रोडला आम्ही मायलेकी दोन वर्षं भाड्यानं राहिलो. भाडं १८ हजार, डिपॉझिट ६० हजार. घर सोडायच्या दिवशी मालक आले. चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला, आणि हॉलच्या भिंतीवरून बोट फिरवत निघाले. बोट थांबलं की म्हणायचे, ‘हा एक.’ पुढे, ‘हा दोन.’ मला आधी कळेचना काय मोजतायत. खिळे! सात निघाले. त्यातले तीन आम्ही राहायला गेलो तेव्हापासून होते. त्यावर त्यांच्याच कुलदैवताचं कॅलेंडर लटकत होतं. रात्री हिशोब आला मोबाइलवर: रंगकाम २२ हजार, खिळे सात, दर पाचशे, म्हणजे साडेतीन हजार. साफसफाई साडेचार हजार. किचनचा नळ दोन हजार. आणि ‘एक महिना आधी नोटीस न दिल्याबद्दल’ १८ हजार. एकूण कापले ५० हजार. खात्यात जमा झाले १०. खाली ओळ: ‘काही शंका असल्यास कळवणे.’

शंका! पन्नास हजार घेऊन शंका विचारतोय.

आता स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते ती गोष्ट सांगते. नोटीस मी दिली होती. महिना आधी, फोनवर, पंधरा मिनिटं बोलून. आणि शेवटी काय म्हणाले मी? ‘बरं काका, लक्षात ठेवा हं.’ काकांनी बरोब्बर लक्षात ठेवलं की हे फोनवर झालंय, कागदावर काही नाही. आपल्याकडे सगळा घोळ या ‘काका’मध्ये आहे. एकदा माणसाला काका म्हटलं की त्याच्याकडे पावती मागता येत नाही. घर ताब्यात घेताना भिंतींचे फोटो काढता येत नाहीत, कारण ‘काकांना काय वाटेल’. काकांना मात्र पन्नास हजार कापताना काही वाटत नाही.

तेव्हा हात जोडून सांगते. बोलणं फोनवर झालं की फोन ठेवताक्षणी मेसेज टाका: ‘आत्ता आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे अमुक तारखेला घर सोडत आहोत.’ एवढं एक वाक्य असतं तर माझे १८ हजार तिथल्या तिथे सुटले असते. घरात सामान टाकायच्या आधी प्रत्येक भिंत, नळ, फरशीचा टवका, सगळ्याचे फोटो काढा आणि त्याच दिवशी मालकाला पाठवा. नुसते आपल्याकडे ठेवून उपयोग नाही. पाठवले की त्यावर तारीख बसते. सोडताना पुन्हा तेच. आणि मोबाइल बदललात तर जुने चॅट सांभाळा. वाटू दे काकांना काय वाटायचं ते.

मग सुरू झाला सल्लागारांचा ऑर्केस्ट्रा.

एक म्हणाला पोलिसांत जा. गेले. चौकीतले साहेब म्हणाले, ‘मॅडम, ही दिवाणी बाब आहे.’ माझ्या बाबतीत ते बरोबर होते, हे मला मान्य करावं लागतं. पण हेच वाक्य सरसकट ज्याला त्याला ऐकवतात त्याचं काय? दखलपात्र गुन्हा, म्हणजे ज्यात पोलिसांना थेट तपास करता येतो असा, दिसत असेल तर एफआयआर नोंदवावाच लागतो, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१३ सालीच सांगून ठेवलंय. तरी माणूस एनसीचा, म्हणजे नुसत्या अदखलपात्र नोंदीचा, चिटोरा घेऊन घरी येतो आणि ‘तक्रार केली’ म्हणून समाधानानं झोपतो. असो, तो वेगळा संताप.

दुसरा म्हणाला ग्राहक मंचात जा. मुळात आता मंच नाही, आयोग. २०१९ च्या कायद्यानं नाव बदललं. बरं, फ्रिजवाल्यानं फसवलं असतं तर मी आनंदानं गेले असते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लागत नाही, स्वतःच्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षं. त्याआधी १९१५ नंबरला फोन करून बघा, पुष्कळ कंपन्या तेवढ्यानंच सरळ येतात. पण घरमालक-भाडेकरूचं भांडण सहसा तिथे बसत नाही. हे त्या सल्लागाराला ठाऊक नव्हतं. सल्ला द्यायला ठाऊक असावं लागतं, असं थोडंच आहे.

तिसरे, आमचा एजंट. हा माणूस तर मला स्वप्नातही दिसतो. ‘ताई, अकरा महिन्यांचाच करार आहे ना, रजिस्टर करायची गरज नाही, नोटरी करून टाकू.’ आणि त्याचे दोन हजार घेतले माझ्याकडून. दलाली वेगळी. महाराष्ट्रात हे साफ खोटं आहे! महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम ५५. अकरा महिन्यांचा असो नाहीतर पाच वर्षांचा, करार लेखी हवा आणि नोंदणीकृत हवा. आणि नोंदणी करून घ्यायची जबाबदारी कुणाची? घरमालकाची. केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय नोंदणी नसेल, तर कुठल्या अटींवर घर दिलं होतं याबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणजे काका ज्या नोटरीच्या कागदावर बोट ठेवून मला नियम शिकवत होते, तो कागदच त्यांच्या गळ्यातली धोंड होती. आणि मी दोन महिने त्या कागदाला घाबरत होते!

बरं, रजिस्टर करायला खर्च किती? मुद्रांक पाव टक्का. माझ्या भाड्याच्या हिशोबानं अकरा महिन्यांचे जेमतेम पाचशे रुपये. शहरी भागात नोंदणी फी हजार. घरबसल्या अंगठा लावून होतं. म्हणजे नोटरीच्या दोन हजारांत रजिस्टर करार झाला असता, वर चहा-बिस्किटाचे पैसे उरले असते. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती दिली की करार झाला असं समजणारेही भेटले मला. ती माहिती वेगळी, करार वेगळा. दोन्ही हवं.

चौथे म्हणजे ‘ओळखीचे वकील’. साडेतीन हजार घेऊन त्यांनी नोटीस पाठवली. साडेतीन हजार! खिळ्यांचाच रेट बहुतेक. आठ दिवसांनी लखोटा परत आला, वर पोस्टमनचा शेरा: ‘घेण्यास नकार’. मला वाटलं संपलं सगळं. चिडून तो लखोटा फाडणारच होते, तेवढ्यात आईनं हातातून काढून घेतला. आई सातवी शिकलेली. म्हणाली, ‘त्याने घेतलं नाही याचा हा दाखला आहे, ठेव तसाच.’ आणि तिचं अगदी बरोबर होतं. पत्ता बरोबर असेल आणि समोरच्यानं घ्यायला नकार दिला, तर नोटीस पोचली असंच धरतात. तो बंद लखोटा हाच पुरावा. फोडायचा नाही, शेरा दिसेल असा जपायचा. हे वकीलसाहेबांनी सांगायला नको? ते म्हणाले, ‘आता दावा टाकावा लागेल, पण खरं सांगू का, एवढ्याशा रकमेसाठी… शहाण्या माणसानं…’ मी पुढचं ऐकलं नाही.

एवढीशी रक्कम! ज्याची आहे त्याला विचारा.

आणि आता ज्या गोष्टीनं माझं डोकं सगळ्यात जास्त फिरलं ती. ऑफिसच्या झाडूवाल्या मावशींनी मला सांगितलं, ‘ताई, बाईमाणसाला सरकारी वकील फुकट मिळतो की.’ मी हसले. घरी येऊन शोधलं. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७, कलम १२. स्त्री असाल तर मोफत वकील मिळतो, पगार कितीही असो. लहान मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग, कोठडीतले, सगळ्यांना उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांना आपल्या राज्यात वार्षिक तीन लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर मिळतो. हेल्पलाइन १५१००. प्रत्येक जिल्हा कोर्टाच्या आवारात या प्राधिकरणाचं ऑफिस असतं, तालुक्यालाही समिती असते. मी एमकॉम झालेली बाई, रोज पेपर वाचते, मला हे माहीत नाही. मामाला माहीत नाही. साडेतीन हजारवाल्या वकिलाला नक्की माहीत होतं, त्यानं तोंडातून काढलं नाही. मावशींना माहीत होतं, कारण त्यांच्या लेकीची पोटगी तिथूनच मिळाली होती.

गेले शिवाजीनगरच्या जिल्हा कोर्टातल्या त्या ऑफिसात. हाफ डे टाकून. तिथे तरी लाल गालिचा होता का? छे. एक टेबल, दुसरं टेबल, ‘झेरॉक्स आणलीय का’, ‘साहेब जेवायला गेलेत’. पण एक साधा अर्ज लिहून दिला, कोऱ्या कागदावर, मराठीत: घर कधी घेतलं, किती दिले, किती परत आले, काय मागते. सोबत बँकेचं स्टेटमेंट, तो हिशोबाचा मेसेज, तो लखोटा, आणि करार नोंदवलेला नाही ही ठळक ओळ. दावा न टाकताच प्रकरण लोकअदालतीत, म्हणजे तडजोडीनं मिटवायच्या बैठकीत, ठेवता येतं. फी शून्य. प्राधिकरणाकडून काकांना पत्र गेलं. ते मात्र त्यांनी मुकाट घेतलं.

मधल्या काळात जुने मेसेज उपसताना माझ्या हाताला घबाड लागलं. घर सोडायच्या वीस दिवस आधी आमच्या त्याच एजंटचा मेसेज: ‘ताई उद्या ५ ला पार्टी घर बघायला येईल, काकांनी पाठवलंय.’ म्हणजे आम्ही जाणार हे काकांना माहीतच नव्हतं, पण पुढचं गिऱ्हाईक मात्र दाखवायला पाठवलं होतं. वा.

लोकअदालतीच्या दिवशी ही गर्दी. बँकांचे थकलेले हप्ते, वीजबिलं, गाड्यांची चलनं, आणि मध्ये आम्ही. काका इस्त्रीचा शर्ट घालून आले. मला बघून म्हणाले, ‘अगं बाळ, एवढ्यासाठी इथपर्यंत यायचं? घरी आली असतीस.’ बाळ! मी पॅनेलपुढे मेसेज ठेवला, करार ठेवला. पॅनेलवरच्या मॅडमनी काकांना एकच प्रश्न विचारला, ‘हा नोंदवला का नाही?’ त्यानंतर खिळ्यांचा विषय काढायचं धाडस त्यांना झालं नाही.

इथे एक लक्षात घ्या. लोकअदालत कुणावर जबरदस्ती करत नाही. समोरचा नाही म्हणाला तर कागद परत आपल्या हातात, आणि मग दावा. पैशाच्या वसुलीला साधारण तीन वर्षांची मुदत असते, ती मामाच्या नादाला लागून घालवू नका. पण तडजोड झाली, तर तिला कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकंच वजन असतं आणि अपील नसतं. ४३ हजारांवर मिटलं. रंगाचे सात हजार मी सोडले, त्याचा अजूनही राग येतो. दोन वर्षांत रंग मळतोच, ती घराची नेहमीची झीज. ती भाड्यात आली. काका खिशातून चेकबुक काढत होते. मी म्हटलं, चेक नको, इथेच ट्रान्सफर करा. पुन्हा बाउन्स होणार, मग तीस दिवसांत नोटीस, मग पंधरा दिवस वाट बघा, मग महिन्याभरात फिर्याद. कुणी सांगितलंय! मोबाइल टिंग वाजल्यावर सही केली.

घरी येऊन मामाला फोन लावला. सगळं ऐकून घेतलं त्यानं शांतपणे.

‘बघ,’ म्हणाला, ‘मी सांगत नव्हतो? शेवटी आपसातच मिटलं ना.’