चौदावी टाचणी

ते कापड मी घेतलं त्याला कारण एकच, त्यावर बगळे होते. गर्द निळ्या जमिनीवर पांढरेशुभ्र, एका पायावर उभे, आणि असा रंग हल्ली मिळत नाही असं कोणीतरी मागून म्हणालं. या वाक्याने माझी आजवर जेवढी हानी झाली आहे तेवढी दुसऱ्या कशानेही झालेली नाही. सव्वा मीटर कापड, पन्हा ३६ इंच. घरी येईपर्यंत मी त्यातून मनातल्या मनात चार अभ्रे बेतले होते.

कापड खरंच सुती आहे का हे बघायला कडेचे दोन धागे ओढून पेटवले. पॉलिस्टर असेल तर वितळून टणक मणी होतो. सुती असेल तर कागद जळल्यासारखा वास येतो आणि मऊ राख उरते. राख उरली! मी हरखलो. सुतावरून स्वर्ग गाठणं म्हणतात ते हेच.

"काय जळतंय रे?" आतून आईचा आवाज.

"काही नाही, धागा."

"आता कापड उजेडात धरून बघ."

धरलं. मधोमध, उभ्या घडीच्या रेषेवर, चांदण्या दिसल्या. कापड वर्षानुवर्षं एकाच घडीत पडून राहिलं की धागे नेमके तिथेच विरतात. वरून ते तुकतुकीत दिसतं, खरं काय ते कळतं उजेडात. घडीच्या दोन्ही बाजूंचं एक-एक इंच सोडलं तर चांगलं कापड उरलं एका बाजूला सतरा इंच, दुसऱ्या बाजूलाही सतरा इंच. दुसऱ्या बाजूवर मात्र कुठल्याशा जुन्या टाचणीचा गंज थेट बगळ्याच्या डोळ्यात उतरला होता. चाराचा एक अभ्रा झाला.

उशी अठरा इंची. शिलाईत दोन्हीकडे अर्धा इंच गेला की अभ्रा सोळा इंची. अभ्रा उशीपेक्षा इंचभर लहान असला की उशी गुबगुबीत दिसते, हे मी ऐकून होतो. दोन इंच लहान असला तर दुप्पट गुबगुबीत दिसेल, असा हिशोब मी मांडला.

चेन लावायची हिंमत नव्हती. म्हणून एकच लांब पट्टी, दोन्ही टोकं दुमडून शिवायची आणि मागे एकावर एक पाच इंच चढवायची. आईने टाचण्यांची डबी पुढे सरकवली. "किती लावल्यास ते मोजून ठेव." चौदा लावल्या. लिहून ठेवलं नाही, पण चौदाच होत्या.

शिवणयंत्राने पहिल्याच टाक्याला कापड गिळलं. सुईखालच्या भोकात बगळ्याची चोच अशी अडकली की मासा पकडायला तोच आत शिरलाय असं वाटावं. जाड सुई आणि विरलेलं कापड यांचं जमत नाही. आईने काही न बोलता ११ नंबरची नवी सुई लावली आणि कापडाखाली पातळ कागद ठेवला. शिवून झाल्यावर कागद फाडून काढायचा. त्या टरटर आवाजाने दर वेळी माझ्या छातीत धस्स होत होतं, कारण कागद आणि हे कापड फाटतानाचा आवाज अगदी एकच आहे.

कोपरे छाटले, अभ्रा सुलटा केला. पुढून बगळे देखणे! मागे वळवलं तर सगळे शीर्षासनात. पट्टी वरून आणि खालून मागे दुमडली की मागची नक्षी उलटीच होणार. हे कापड कापण्याआधी पाच मिनिटं विचार केला असता तर कळलं असतं. पट्टी आडवी कापली असती तर बगळे पायांवर राहिले असते, पण मग घडी नेमकी मध्ये आली असती. आधीच फाटलेले उभे बगळे की धडधाकट उलटे, एवढीच निवड होती.

मग उशी आत घालायचा प्रसंग. दुप्पट गुबगुबीतचा हिशोब इथे फेडला. उशी गुडघ्याखाली दाबून एकेक कोपरा आत ढकलत होतो. तिसरा गेला की पहिला बाहेर. शेवटी आईने उशी मधून दुमडली, पोळीच्या सुरळीसारखी आत सारली आणि आत गेल्यावर सोडून दिली. दहा सेकंद लागले असतील. शिवण कुठेतरी कुरकुरली, पण टिकली. तिने उशी दोन्हीकडून पाहिली आणि मागची बाजू पुढे करून खुर्चीवर ठेवली.

"ही बरी दिसते. जरा तरी हलतायत."

पसारा आवरताना टाचण्या डबीत टाकल्या. तेरा. पुन्हा मोजल्या, तेरा. जमिनीवर हात फिरवला, चुंबक फिरवला, यंत्राखाली पाहिलं. उशी पुन्हा बाहेर काढायची तर ती शिवण उसवणार हे आम्हा दोघांनाही दिसत होतं, त्यामुळे तो विषय कोणीच काढला नाही.

हल्ली कोणी त्या खुर्चीकडे वळलं की मी लगबगीने दुसरी पुढे करतो. जुन्या कापडाची मी किती जपणूक करतो याचं लोकांना फार कौतुक वाटतं. मी खुलासा करत नाही.