तीन राजे चपलांच्या कपाटावर

काल, २८ डिसेंबरला, सेक्रेटरीकाकांनी आमच्या दारावरचा तारा उतरवायला सांगितला. "नाताळ झाला ना? मग?" तारा माझा, वायर माझी, मीटर माझं. पॅसेज तेवढा सोसायटीचा.

मी मूळचा वसईचा. नाताळ २५ तारखेला संपत नाही, सुरू होतो, हे तिकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. इथे डोंबिवलीत समजावून सांगावं लागतं. म्हणून काकांना आत बोलावलं, करंजी दिली. तिथेच फसलो.

"परवा कसला सण होता म्हणालात?"

"संत स्तेफनचा. पहिला रक्तसाक्षी, म्हणजे श्रद्धेसाठी जीव देणारा. दगडांनी ठेचून मारलं त्याला."

"अरेरे! आणि आज?"

"निष्पाप बालकांचा. हेरोद राजानं बेथलेहेमातले दोन वर्षांच्या आतले सगळे मुलगे मारले."

करंजी तोंडाशीच थांबली. "आणि तुम्ही लायटिंग करता?"

याला उत्तर आहे, पण करंजी खाणाऱ्या माणसाला ते देता येत नाही. तेवढ्यात त्यांनी करंजी निरखली. "ही तर दिवाळीचीच की हो!" म्हणजे आम्ही ढापलेली. कलकलांना, म्हणजे आमच्या नाताळच्या तळलेल्या गोड फराळाला, शंकरपाळे म्हणाले. मग केकची चौकशी. ती अख्खी बिल्डिंग दरवर्षी करते. आमच्या आईनं जन्मात केक केला नाही. डिसेंबरभर करंज्यांना मुरड घालून तिची बोटं दुखायची.

जाताना काकांना चपलांच्या कपाटावर बाळ येशूच्या दर्शनाला निघालेले तीन राजे दिसले, उंटासकट. आमच्याकडे राजे एकदम गोठ्याच्या देखाव्यात पोचत नाहीत. मजल दरमजल येतात: चपलांचं कपाट, फ्रिज, टीव्ही. त्यांचा सण खरा ६ जानेवारीचा, पण आपल्याकडे तो रविवारी धरतात, त्यामुळे एखाद्या वर्षी बिचाऱ्यांना पळावं लागतं.

"देवाची माणसं चपलांवर? बरं दिसत नाही," म्हणत काकांनी तिघांना उचललं आणि थेट बाळ येशूपुढे नेऊन ठेवलं. उंट ठेवला तो मी गोठ्यातलं गवत म्हणून पंधरा दिवस पाणी शिंपडून उगवलेल्या नाचणीवर. आडवा. एक पाय गेला.

गणपतीत माझ्या खिडकीखाली अकरा दिवस भोंगा असतो. वर्गणी देतो, आरत्या तोंडपाठ आहेत. उपकार म्हणून सांगत नाही, पण एक तारा? कागदाचा?

पाय फेव्हिक्विकनं चिकटवलाय. राजे आज फ्रिजवर. नाताळचा काळ जिथे संपतो त्या प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत तारा काढायचा नाही हा घरचा नियम, म्हणून सकाळपासून सोसायटीची नियमावली चाळतोय. ताऱ्याबद्दल अक्षर नाही. पॅसेजमध्ये चपलांचं कपाट ठेवू नये, असं मात्र स्वच्छ लिहिलंय.

आमचं घरात आहे. काकांचं पॅसेजमध्ये, तीन कप्प्यांचं.