थर्ड वर्ल्ड म्हटलं की एवढं का झोंबतं?

रस्त्यात खड्डा लागला, लाइट गेली की आपल्यातलंच कुणीतरी म्हणतं, "थर्ड वर्ल्ड कंट्री रे बाबा, दुसरं काय!" आणि हेच एखाद्या गोऱ्याने म्हटलं की आपली मंडळी चवताळून उठतात. पण हा शब्द मुळात शिवी नव्हताच. 1952 मध्ये आल्फ्रेड सोव्ही नावाच्या फ्रेंच लोकसंख्यातज्ज्ञाने एका साप्ताहिकात लिहिताना 'तिएर माँद' असं म्हटलं. आता फ्रेंचमध्ये तिसऱ्याला रोजचा शब्द वेगळा आहे, याने मुद्दाम जुना 'तिएर' उचलला, कारण राज्यक्रांतीच्या आधी तिकडे धर्मगुरू आणि उमराव सोडून उरलेली सगळी रयत म्हणजे 'तिएर एता', तिसरा वर्ग. थोडक्यात काय, अमेरिका-रशियाच्या भांडणात ज्यांना कुणी हिंग लावून विचारत नाही ते देशही त्या रयतेसारखे एक दिवस हक्क मागणार, असं त्याला म्हणायचं होतं. पहिला नंबर, दुसरा नंबर असला निकाल लावायला तो बसलाच नव्हता.

मला खरा राग येतो तो 'इमर्जिंग मार्केट'चा. 1981 मध्ये वर्ल्ड बँकेच्याच आयएफसी या खासगी उद्योगांना पैसा पुरवणाऱ्या संस्थेतले आंत्वान व्हान आख्तमाल न्यूयॉर्कमध्ये बड्या गुंतवणूकदारांना थर्ड वर्ल्डमधल्या शेअर्सचा फंड विकायला गेले, कल्पना लोकांना पटली पण एकाने सांगितलं की या नावाने कोण घेणार हो, मग यांनी डोकं चालवून नवीन नाव काढलं आणि ते चाललं. देश तेच, गरिबी तीच, फक्त पाटी बदलली. आणि त्या पाटीवर देश नाहीच, नुसतं मार्केट! आपण मात्र ते कौतुकाने मिरवतो.

'विकसनशील'ची तर वेगळीच तऱ्हा. डब्ल्यूटीओत, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेत, त्याची व्याख्याच नाही, ज्याने त्याने आपलं आपण सांगायचं, आणि तसं सांगितलं की व्यापाराच्या नियमांत सवलत. जगभर फोन आणि गाड्या विकणारा दक्षिण कोरियासुद्धा तिथे विकसनशील म्हणून बसला होता, शेवटी 2019 मध्ये म्हणाला की पुढच्या वाटाघाटींत सवलत मागणार नाही. सवलत मिळते म्हटल्यावर कोण सोडतंय, आपण तरी सोडू का?

वर्ल्ड बँकेने 2016 मध्ये आपल्या आकडेवारीतून विकसित-विकसनशील ही वाटणी काढून टाकली, आता दरडोई उत्पन्नावर चार गट. त्यात आपण 'लोअर मिडल'. म्हणजे कनिष्ठ मध्यमवर्गीय. हे मात्र अगदी आपल्या घरातलं वाटतं बुवा, हप्ते-बिप्ते सगळं आलं त्यात 😄