साठ सेंटीमीटरच्या चिमणीखाली बावीस इंची कढई

गेले काही दिवस आमच्याकडच्या हॉटेलवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. निपाणीहून सुटला की खानापुरातून, देव जाणे. सार असं: हूडवाल्यांच्या नादी लागू नका. घरगुती चिमणी आणा, पाइप नसलेली असली तरी चालेल. खिडकीत एक पंखा ठोका, दार लावून घ्या. आपलं बेळगाव थंड, छोट्या धंद्याला नियम नाहीत, आणि गॅसचा वास आला तर आधी पंखा लावा.

मी बेळगावच्या उद्यमबागेत पत्र्याचं काम करतो. हूड, म्हणजे भट्टीवरचा धूर ओढून घेणारा पत्र्याचा टोप, बनवून पोट भरतो, तेव्हा माझ्या बोलण्यातून तेवढं वजा करून ऐका.

शेवटचं वाक्य आधी घेतो, कारण ते जीव घेईल. एलपीजी हवेपेक्षा जड. गळला की जमिनीलगत पसरतो, आणि हूड डोक्यावर टांगलेला. त्यात बटण दाबताना ठिणगी पडते. वास आला तर कुठलंच बटण दाबायचं नाही, चालू पंखा बंद करायलाही जायचं नाही. व्हॉल्व्ह बंद, दारं सताड उघडी, माणसं बाहेर. सिलिंडर ठेवता तिथं भिंतीला खाली, जमिनीलगत जाळी हवी. ते काम हूडचं नव्हेच.

आता घरगुती चिमणी. ती साठ सेंटीमीटर, म्हणजे चोवीस इंच. तुमची भज्याची कढई बावीस इंच. दोन्ही बाजूंना एकेक इंच उरला. धूर वर जाताना पसरतो, म्हणून हूड भट्टीपेक्षा प्रत्येक बाजूनं सहा इंच तरी बाहेर हवा. चार बाय दोनची भट्टी असेल तर हूड पाच बाय तीन, म्हणजे पंधरा चौरस फूट. त्याच्या तोंडाशी हवा मिनिटाला शंभर फूट ओढायची तर १५०० सीएफएम (मिनिटाला घनफूट) लागतात, साधारण २५५० घनमीटर तासाला. चिमणीच्या खोक्यावर तासाला १२०० घनमीटर लिहिलेलं असतं, तेही पाइप न जोडता. दोन बेंड घातले की त्यातलं किती उरतं ते अगरबत्ती धरून बघा. १५०० सीएफएमला डक्ट, म्हणजे धूर बाहेर नेणारा पत्र्याचा चौकोनी पाइप, फूट बाय फूट लागतो. घरगुती सहा इंची पाइपाच्या पाचपट तोंड. शिवाय भट्टीचा जाळ घरच्या शेगडीसारखा गुमान बसत नाही. तेल माखलेली जाळी त्याच्या दोन-अडीच फुटांवर टांगणं म्हणजे आगीला आवतण.

पाइप नसलेली चिमणी कोळशाच्या फिल्टरमधून हवा गाळून परत स्वयंपाकघरातच सोडते. वास थोडा कमी होईल. उष्णता, वाफ, कार्बन मोनॉक्साइड जिथल्या तिथं. उंच तापमानाला तळताना निघणाऱ्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं ‘बहुधा कर्करोगजनक’ गटात ठेवलंय. गिऱ्हाईक दहा मिनिटांत उठतं. कढईपाशी पोरगा दिवसभर असतो.

‘दार लावून घ्या’ या वाक्यात मी स्वतः फसलोय. सुरुवातीच्या दिवसांत एका खानावळीत हूड बसवला. हूड मोठा, ब्लोअर दणकट, डक्ट सरळ. चालू केला तर धूर निम्मा वर, निम्मा जेवणाऱ्यांच्या ताटावर. मालक म्हणाले, “मेस्त्री, पंखा उलटा फिरतोय की काय?” आणि खरंच उलटा होता. ब्लोअर उलटा फिरला तरी हवा त्याच दिशेला फेकतो, फक्त फार कमी, म्हणून पटकन कळत नाही. वायरमननं दोन फेज अदलाबदल केले. थोडा फरक पडला, पुरता नाही. मग मावशी राख टाकायला परड्यात निघाल्या, मागचं दार उघडलं, आणि धूर दोरी ओढल्यासारखा सरळ वर! खोलीत हवा आत यायला वाटच नव्हती. जेवढी बाहेर फेकायची तेवढी आत यायला हवी, नाहीतर ब्लोअर नुसता घुमतो. तेव्हापासून मी आधी भिंतीत हवेची जाळी कुठं पडेल ते बघतो, पत्रा नंतर कापतो.

बेळगाव थंड आहे, मान्य. पण थंडीमुळंच काम वाढतं. कुंद्यासाठी दूध आटवताना वाफ थंड पत्र्याला लागते, तिचे थेंब होतात आणि तेलकट पाणी परत कढईत. म्हणून हूडच्या आतल्या काठाला पन्हळ ठेवावी लागते. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा. त्या भिंतीतून डक्टचं तोंड काढलंत तर धूर जून ते सप्टेंबर घरी परत. भिंतीला भिंत असलेल्या गल्लीत तर तो थेट शेजारच्यांच्या वाळवणावर, आणि पुढचं भांडण कुठल्या भाषेत व्हायचं ते शेजारी ठरवणार. डक्ट कौलांच्या वर न्या.

नियमांचं थोडक्यात: अन्नसुरक्षेच्या २०११ च्या परवाना-नोंदणी नियमांत चौथी अनुसूची आहे. वायुवीजन असं असावं की घाण जागेतली हवा स्वच्छ जागेकडं येऊ नये, असं त्यात लिहिलंय. लहान धंद्यांनाही स्वच्छतेच्या अटी तीतच आहेत.

मेसेजात अर्धवट खऱ्या गोष्टी दोनच. तयार महागडा हूड घ्यायची गरज नाही; गावातला पत्रेवाला मापानं करून देतो, फक्त डक्टच्या प्रत्येक वळणावर साफसफाईचं झाकण मागून घ्या, कारण हूडमधल्या तेल अडवणाऱ्या पट्ट्यांच्या (बॅफल) फिल्टरमधूनही थोडं तेल पुढं जातंच. आणि नुसता चहा करणाऱ्याला खिडकीतला पंखा पुरतो. भजी सुरू केलीत की मात्र भट्टीचं माप घेऊन या.