सर, बोटीवर डीजे होता का?

परदेशी जाऊन येणं ही आता लातुरात फार मोठी गोष्ट राहिलेली नाही. आमच्या गल्लीतली निम्मी पोरं पुण्यात आहेत आणि उरलेल्यातली बरीच त्याच्याही पलीकडं. दुबई, सिंगापूर करून आलेल्याला कोणी थांबवून काही विचारत नाही, कारण तिथं काय असतं ते सगळ्यांना घरबसल्या माहीत असतं. पंचाईत माझ्यासारख्याची होते. मी क्रूझला जाऊन आलो आणि त्या क्रूझवर क्रूझसारखं काहीच नव्हतं. जाणं सोपं गेलं. आल्यापासून ते लोकांना सांगणं हा जो छळ चालू झालाय, त्याला अजून अंत नाही.

आमचा मुलगा पर्थला असतो. 'बाबा, आयुष्यभर भूगोल शिकवलात, एकदा बघून तरी घ्या,' म्हणून त्यानं आम्हा दोघांचं तिकीट काढलं. ब्रूम ते डार्विन, पश्चिम ऑस्ट्रेलियाचा किम्बर्ली नावाचा किनारा. मुलूख आपल्या महाराष्ट्राहून मोठा आणि माणसं पस्तीस-चाळीस हजार. २०११च्या जनगणनेत एकट्या लातूर शहरात पावणेचार लाखांवर माणूस होता. तिकडं किनाऱ्यापर्यंत रस्ते जवळजवळ नाहीतच, म्हणून बघायचं तर बोटीनं. धक्का नाही, बंदर नाही, म्हणून हजारो माणसं भरलेलं मोठं जहाज कामाचं नाही. शंभराच्या आत प्रवासी घेणारी लहान बोट लांब नांगर टाकून उभी राहते आणि तिच्यातून झोडियाक नावाच्या रबरी होडीत बसून आपण खाडीत, प्रवाळावर, दगडधोंड्यांवर जायचं. ह्याला एक्स्पेडिशन म्हणतात. सोयी कमी असतात म्हणून भाडं जास्त असतं.

जायच्या आधी बुटांनी घाम काढला. परकी माती, बी-बियाणं आपल्या देशात शिरू नये म्हणून ऑस्ट्रेलियात विमानतळावरच कडक तपासणी असते. बुटाच्या तळाला माती दिसली की बाजूला घेतात. मुलानं फोनवर बजावलं, तळाची एकेक खाच साफ करून या. आता आमची काळी माती! ती एकदा धरली की सोडत नाही. मी ओट्यावर जुना टूथब्रश, बायकोच्या केसातली पिन आणि बादलीभर पाणी घेऊन बसलो. एका खाचेतून मुगाएवढा ढेकूळ निघाला, तो बोटानं चुरला तर आत तुरीचं टरफल. दुसऱ्या खाचेत कसलंसं बी रुतलेलं, ते पिनेनं टोकरून काढेपर्यंत मान अवघडली. शेजारचे अण्णा गेटावर हात टेकून हा सगळा सोहळा बघत होते. शेवटी त्यांना राहवेना. "सर, एवढ्या पाण्यात नवे बूट आले असते की." आमच्याकडं पाण्याचा हिशेब असाच करतात. २०१६ साली मिरजेहून रेल्वेच्या वाघिणीतून पाणी आलेलं गाव आहे हे. बादली ओतताना माणूस अजून इकडंतिकडं बघून घेतो.

दुसरा घाम परभणीच्या मेहुण्यानं काढला. असल्या छोट्या बोटींच्या सफरींचं वेड लावलं ते लार्स-एरिक लिंडब्लाड नावाच्या माणसानं. १९६६ साली तो पर्यटकांना घेऊन अंटार्क्टिकाला गेला आणि १९६९ साली त्यानं खास असल्या प्रवासासाठी एक लहान बोट बांधून घेतली. हे मी मेहुण्याला मोठ्या कौतुकानं सांगितलं. रात्री साडेअकराला त्याचा मेसेज आला, 'दाजी, ती बोट २००७ला बर्फावर आपटून बुडाली.' खाली हात जोडल्याचं चिन्ह. बोटीवरची १५४ च्या १५४ माणसं सुखरूप वाचली हे त्याच बातमीत होतं, पण तेवढं त्यानं कापून पाठवलं होतं. विचारलं तर म्हणे, "तुमच्या मनाची तयारी असावी म्हणून."

बोटीवर पाय ठेवल्या ठेवल्या कवायत. सात आखूड भोंगे आणि एक लांब भोंगा झाला की लाइफ जॅकेट घेऊन ठरल्या जागी गोळा व्हायचं. ते झालं. खरी परीक्षा झोडियाकमध्ये उतरण्याची. खलाशी हात पुढं करतो आणि आपण सवयीनं त्याचा पंजा धरायला जातो. तसं नाही. त्यानं आपलं मनगट धरायचं, आपण त्याचं. ओला पंजा निसटतो, मनगटाला मनगट असलं की निसटत नाही. एक पाय होडीच्या फुगीर काठावर, दुसरा आत, लगेच बूड टेकायचं आणि कडेकडेनं पुढं सरकायचं. मी काठावर एक पाय ठेवून ह्या पायऱ्यांची मनात उजळणी करत होतो, तेवढ्यात मागून बायकोचा आवाज आला, "सरका की हो, लोकं खोळंबलेत." ही बाई उभी हयात लातूर-निलंगा एसटीनं हिंडलेली. चढ, टेक, सरक हे तिला कोणी शिकवायचं? मी पोटाशी पिशवी धरून बसलो होतो तोवर तिनं पुढची जागा धरून माझ्यासाठी रुमालसुद्धा टाकला होता.

किम्बर्लीत सगळा कारभार भरती-ओहोटीच्या हातात. मोठ्या भरतीला तिथं समुद्राची पातळी ११ मीटरपर्यंत वरखाली होते. तीन मजली घर सकाळी बुडावं आणि दुपारी कोरडं दिसावं, असा प्रकार. शिवाय भरतीची वेळ रोज पन्नासेक मिनिटं पुढं सरकते, म्हणून न्याहारी आज सहाला, उद्या पावणेसातला, परवा भलत्याच वेळी. रोज संध्याकाळी उद्याचा कार्यक्रम सांगायचे आणि शेवटी एक वाक्य असायचंच, की पाणी कसं असेल त्यावर सगळं अवलंबून. दोन दिवस हे ऐकून बायको म्हणाली, "म्हणजे नळच की हो!"

तिचं चूक नव्हतं. आमच्या घरात लग्नाची तारीख, पाहुण्यांचं येणं, डाळ भिजवणं हे सगळं नळाच्या दिवसाला विचारून ठरतं. पाणी येणार म्हटलं की माणूस गावाला जात नाही, मोठ्यानं बोलत नाही, रात्री कपडे घालूनच झोपतो. बोटीवर गोरी माणसं पहाटे अंधारात बूट घालून डेकवर ताटकळत उभी राहायची, कोणीतरी 'वळलं, वळलं पाणी' म्हणून ओरडायचं आणि मग सगळ्यांची एकच पळापळ. आम्हा दोघांना त्यात नवीन काहीच वाटलं नाही. नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. समुद्राचं पाणी कुठल्या तारखेला, किती वाजून किती मिनिटांनी, किती मीटर येणार, हे तिथं वर्षभर आधी छापलेलं असतं. आणि ते येतं!

त्या वेळापत्रकानं आम्हाला मॉन्टगोमेरी रीफवर नेलं. चारशेएक चौरस किलोमीटरची प्रवाळाची बैठक, भरतीला पूर्ण पाण्याखाली. ओहोटी लागली आणि सपाट समुद्रातून एक तपकिरी पठार उगवायला लागलं. पठार जागचं हलत नाही, पाणी खाली जातं, हे मला कळत होतं, मी भूगोलाचा माणूस. पण डोळे ऐकत नव्हते. पठारावर अडकलेलं पाणी शेकडो धारांनी कडेवरून खाली कोसळायला लागलं, त्याचा आवाज एवढा की गाईड काय सांगतोय ते ऐकू येईना. एक कासव आमच्या होडीशेजारी आलं, डोकं वर काढून फुस्स करून श्वास घेतला, आमच्याकडं बघून न बघितल्यासारखं केलं आणि गेलं. नोकरीभर मी फळ्यावर अनुतट, रोधक आणि कंकणाकृती प्रवाळभित्तीच्या आकृत्या काढत आलो. 'प्रवाळ हा प्राणी आहे की वनस्पती?' हा प्रश्न एका मार्काला ठेवत आलो. तो प्राणी उन्हात तासन्‌तास उघडा पडतो, अंगातला ओलावा धरून ठेवतो आणि पाणी परत यायची वाट बघत बसतो, हे पुस्तकात नव्हतं. बायकोनं बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "हा मराठवाड्यातलाच दिसतोय."

हे सगळं आता मी औसा रोडवरच्या मंगल कार्यालयात, हातात भरलेलं ताट घेऊन सांगायचं. लातुरात मास्तरकी केलेल्या माणसाला विद्यार्थ्यांपासून सुटका नाही. बँकेत विद्यार्थी, सलूनमध्ये विद्यार्थी, नवरदेवाचा मामा विद्यार्थी.

"सर, क्रूझला गेलता म्हणं. किती गेले?"

हा पहिला प्रश्न. मुलानं केलं सगळं, असं म्हणून मी वांग्याच्या भाजीकडं वळतो.

"डीजे होता का?"

"नाही."

"कॅसिनो?"

"नाही रे."

"मग समुद्रात पोहून तर आलाव?"

"खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत तिथं, पाच-पाच मीटरच्या. पाण्यात हातसुद्धा घालू देत नाहीत."

तो घास हातात धरून विचार करतो. "मग रात्री काय करत होताव?"

"व्याख्यान असायचं. जेवणाच्या आधी. दिवसभरात बघितलेले दगड कुठले, पक्षी कुठले, उद्या पाणी किती…"

"पैसे देऊन?"

"हो."

"सर, तुमचं फुकट होतं तरी आम्ही मागच्या दारानं पळत होतो."

एवढ्यावर थांबलं तर ठीक. पण लोकांना फोटो बघायचे असतात. समुद्राचा फोटो म्हणजे निळं पाणी आणि नारळाचं झाड, ही समजूत. माझ्या मोबाइलमध्ये मात्र तांबडे कडे, खारफुटी आणि चिखल. चिखलाचे फोटो जरा जास्तच आहेत, कारण चिखलात मगर आहे असं गाईड म्हणायचा आणि मी काढायचो. एका शेतकरी विद्यार्थ्यानं तो फोटो दोन बोटांनी मोठा करून बारकाईनं बघितला. मला वाटलं, मगर सापडली. तो म्हणाला, "गाळ भारी आहे सर. शेतात टाकाय चालंल का?" खारा आहे म्हटल्यावर त्याचा किम्बर्लीतला रस संपला.

आडव्या धबधब्याचं तर मी आता नावच काढत नाही. टॅल्बट बे नावाच्या खाडीत डोंगराच्या दोन समांतर रांगा आहेत आणि प्रत्येकीत एक चिंचोळी फट. भरतीचं पाणी एवढ्या घाईनं चढतं की त्या फटीतून पुरेसं आत जाऊ शकत नाही. अलीकडं-पलीकडं पाण्याची पातळी वेगळी होते आणि उंच बाजूचं पाणी फटीतून मुसंडी मारून खालच्या बाजूला पडतं. हे मी माझ्याच शाळेतल्या निवृत्त गणिताच्या सरांना ताटातला भात आणि आमटी वापरून समजावलं. भाताची रांग केली, फट ठेवली, आमटी ओतली. ते म्हणाले, "आडवा आहे तर पडतो कसा? आणि पडतो तर आडवा कसा?" मग त्यांना दगडांचं वय सांगितलं. तिथला वालुकाश्म साधारण १८० कोटी वर्षांचा, आपला काळा बेसाल्ट साडेसहा कोटींचा, म्हणजे त्यापुढं कालचं पोर. ते म्हणाले, "मग जुने दगड बघायला एवढे पैसे? आपले नवे आहेत, फुकट आहेत." गणितात हे बरोबरच आहे.

सगळ्यात अवघड पेपर निलंग्याच्या मावशीचा. मावशी ऐंशीच्या पुढच्या. त्यांच्या लेखी प्रवास म्हणजे पंढरपूर, तुळजापूर आणि एकदा काशी. घरात शिरून पाणी प्यायच्या आत त्यांनी विचारलं, "कोणता देव हाय रे तिथं?"

देवळं नाहीत म्हणायला माझी जीभ वळेना, म्हणून वांजिना सांगितले. तिथल्या मूळ रहिवाशांचे देव म्हणा, पूर्वज म्हणा. खडकाच्या कपारीत रंगवलेले, पांढरे चेहरे, मोठे गोल डोळे, नाक, डोक्याभोवती वलय. ढग आणि पाऊस त्यांच्या हातात. ज्यांचे ते देव आहेत त्या लोकांच्या परवानगीनंच तिथं जाता येतं. त्यांनी फोटो काढू नका म्हणून सांगितलं, आम्ही काढला नाही.

पाऊस म्हटल्याबरोबर मावशींनी पदर नीट केला आणि हात जोडले. दिशा माहीत नसल्यामुळं फ्रीजकडं तोंड करून जोडले.

"आणि मावशी, त्यांना डोळे असतात, नाक असतं, पण तोंड नसतं."

"का बरं?"

"सांगतात असं, की तोंड काढलं तर पाऊस थांबणारच नाही."

मावशींनी जोडलेले हात तसेच ठेवून माझ्या शर्टाच्या खिशाकडं बघितलं.

"मग एक तोंड काढून यायचं की रे! खिशाला पेन लावून कशाला हिंडतूस?"