मुद्दाम?

हॉलची एक भिंत सेज ग्रीन करून घेतली परवा. एकच, बाकीच्या तीन ऑफव्हाइट. का, तर बायकोने मोबाइलवर बघितलं होतं. मग पंधरा दिवस शेडकार्ड उशाला, पुट्टी, प्रायमर, रंगाचे दोन हात, आणि ४१० फुटांच्या घरात फ्रीज आणि सोफ्याच्या फटीत बसून जेवणं. ते सगळं सोडा.

शनिवारी सकाळी गॅसवाले मामा आले. आत गॅस १४.२ किलो आणि लोखंड धरून ३० च्या आसपास, एवढं खांद्यावर घेऊन भांडुपच्या उकाड्यात तीन जिने चढलेला माणूस (लिफ्ट बंद, नेहमीप्रमाणे) आधी सिलिंडर टेकवेल की नाही? नाही. मामा दारातच थांबले, मग तसेच आत आले आणि मोकळ्या हाताच्या तळव्याने भिंत चाचपली, तापलेल्या पोराचं कपाळ बघतात तशी.

"सायेब, वल कधीपास्नं हाय?"

"ओल नाहीये मामा, रंग आहे."

"रंग दिलाय वरनं, ते दिसतंय की. पण दबली न्हाई. फुटून आलीया."

"अहो, रंगच हिरवा आहे."

मामा माझ्याकडे जरा वेळ बघत राहिले. "मुद्दाम?"

"मुद्दाम."

"किती घेतलं?"

मी आकडा सांगितला. तेव्हा कुठे त्यांनी सिलिंडर खाली ठेवला.

मग पाणी पिता पिता अख्ख्या एरियाचा वॉटरप्रूफिंग अहवाल. कुणाच्या टेरेसवरनं गळतंय, कुठे पाइप फुटलाय, कुणी नुसतं पीओपी मारून झाकलंय. त्यांचा मेव्हणा हेच काम करतो, त्याचा नंबर त्यांनी गॅसच्या पावतीमागे लिहून दिला आणि जाताना पुन्हा एकदा भिंतीवर हात ठेवला. कोरडी लागली म्हणून वाईट वाटलं असावं.

बरं, त्यांना तरी काय बोलणार. आई गावाहून आली तेव्हा तीही हेच म्हणाली होती, "पावसात चिऱ्याच्या गडग्याला येतो तो रंग ना रे हा?" तिच्याकडे रंगांना नीट नावं आहेत, अबोली, डाळिंबी, मोरपंखी, चिंतामणी. ह्याला ती शेवाळी म्हणते. दुकानदार शेवाळी म्हणाला असता तर आम्ही डबा उचललाच नसता, सेज म्हणाला म्हणून पैसे मोजले. त्यात दुकानात पिवळे दिवे, आमच्याकडे पांढरीफटक ट्यूब. कार्डावर दीड इंचाचा रंग गोड दिसतो हो, तोच शंभर फुटांवर पसरला की गडद होतो, हे रंगवाल्याने दुसरा हात मारून झाल्यावर सांगितलं. आधी नाही.

सोमवारी सेक्रेटरी दारात. "तुमच्याकडे लीकेज आहे म्हणे, गॅसवाला खाली सांगत होता. बाहेरच्या भिंतीचं असेल तर सोसायटीच्या खर्चात येतं, बघून घेऊ."

दोन दिवसांत आला हो हा माणूस! आमच्या बेडरूमला वरच्यांच्या बाथरूममधून तीन वर्षं खरीखुरी ओल आहे, पोपडे निघालेत, कपाटामागे मीठ फुटलंय, तीन अर्ज दिलेत, आणि दर वेळी उत्तर एकच, संडास-बाथरूमचं आतलं लीकेज मेंबरांनी आपसात बघायचं. वरचे म्हणतात आमच्याकडे कोरडंच आहे. असणारच, पाणी खाली येतंय ना सगळं. वॉचमनसुद्धा त्यावर हसतो आता. आणि इथे मी चांगले पैसे घालून लावलेल्या रंगाची तपासणी करायला सेक्रेटरी चष्मा पुसत उभा.

म्हटलं आलाच आहात तर बेडरूम बघा. कपाट ओढलं. त्याने पोपड्यांवरून बोट फिरवलं, मान तिरकी करून बघितलं.

"हे टेक्श्चर होय? हे बरं झालंय. हॉललाही हेच करायचं ना!"

पावती मी फाडायला घेतली होती. बायकोने हातातून काढून घेतली आणि मेव्हण्याचा नंबर सेव्ह केला.