मोटारीच्या काचेला टीपॉयची काच समजणाऱ्यांसाठी

‘शोरूमच्या लुटीपासून सावधान’ या मथळ्याचा एक लांबलचक संदेश सध्या कोल्हापुरातल्या व्हॉट्सॲप गटांतून फिरत आहे. महागड्या सेदान गाडीच्या दाराची काच फुटली, तर शोरूम अवाच्या सवा बिल कसे लावते आणि तेच काम दोन हजार रुपयांत कसे उरकता येते, हे त्यात क्रमवार सांगितले आहे. लिहिणाऱ्याचे नाव नाही. ‘एका अनुभवी मेकॅनिकने सांगितलेले गुपित’ एवढाच त्याचा आधार. एरवी अशा संदेशांकडे मी दुर्लक्ष करतो. परंतु माझ्या दाजींनी हौसेने घेतलेल्या जुन्या जर्मन सेदानची मागच्या दाराची काच फुटली आणि हाच संदेश मला पाठवून ‘मापाची काच कापून घेतो, रविवारी बसवून टाकू’ असे त्यांनी कळवले, तेव्हा हे लिहिणे भाग पडले. मोटार विम्याच्या दाव्यांचे कागद तपासण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, त्यामुळे या संदेशातले कोणते वाक्य कोणाला किती महाग पडेल, याचा अंदाज मला चांगला आहे.

संदेशाचा पहिला दावा असा की, लाखो रुपयांच्या गाडीची काच जर चुरा होऊन पडली, तर ती नकली होती आणि कंपनीने फसवले. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. बहुतेक गाड्यांच्या दारांना टफन्ड काच असते आणि तिने बोथट कडांच्या बारीक तुकड्यांत फुटावे, म्हणूनच ती तशी बनवलेली असते. मोठा, धारदार तुकडा निघाला असता तर तक्रारीला जागा होती. आता यात जे अर्धे सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. काही उंची सेदान गाड्यांच्या दारांना, बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून, पुढच्या काचेसारखीच लॅमिनेटेड काच बसवलेली असते. दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा पातळ थर असल्याने ती तडकते, पण गळून पडत नाही. आपल्या गाडीला कोणती काच आहे, हे काचेच्या कोपऱ्यातल्या शिक्क्यावर पाहावे. तिथे उत्पादकाचे नाव, भारतीय मानक आयएस २५५३ किंवा युरोपीय मंजुरीचा ‘ई’ क्रमांक आणि बहुधा काचेचा प्रकारही छापलेला असतो. एकाच गाडीत पुढच्या दारांना लॅमिनेटेड आणि मागच्या दारांना टफन्ड काच असू शकते, म्हणून शिक्का ज्या दाराची काच हवी त्याच्या जोडीच्या दारावरचा वाचावा. पंचगंगेचा पूर पाहिलेल्या शहरात हे आणखी एका कारणासाठी ठाऊक असायला हवे. गाडीत ठेवायच्या आपत्कालीन हातोडीने टफन्ड काच फुटते, लॅमिनेटेड फुटत नाही.

दुसरा मुद्दा या संदेशाचा गाभा आहे आणि तोच सर्वांत घातक आहे. ‘जुन्या काचेचा कागदी साचा काढा, फर्निचरच्या काचा विकणाऱ्याकडून ५ मिलिमीटरची काच त्या साच्याप्रमाणे कापून घ्या, कडा घासून घ्या, झाले काम.’ हे लिहिणाऱ्याने टफन्ड काच कशी तयार होते, हे एकदाही विचारलेले नाही. तापवण्याआधीच काचेला तिचा अंतिम आकार दिला जातो, भोके पाडली जातात, कडा घासल्या जातात. मग ती ६०० अंश सेल्सिअसच्या वर तापवून हवेच्या झोतांनी झपाट्याने थंड करतात. पृष्ठभाग आधी थिजतो, आतला भाग नंतर आकसतो, आणि त्यामुळे पृष्ठभागावर कायमचा दाब व आत कायमचा ताण राहतो. काचेची ताकद या तोलातून येते. तो तोल एका ठिकाणी बिघडला की सगळी काच एकाच क्षणी फुटते. म्हणून टफन्ड काच नंतर कापता येत नाही, तिला भोक पाडता येत नाही. दुकानदाराने जी काच आपल्यासमोर कटरने कापून दिली, ती टफन्ड नाही याचा यापेक्षा चोख पुरावा नको.

मग दाराला काय बसते? साधी काच. ती फुटते तेव्हा तिचे सुऱ्यासारखे लांब तुकडे होतात. मागच्या खिडकीशी साधारणपणे घरातली लहान मुले बसतात आणि बाजूने धडक बसली तर डोके सर्वांत आधी त्याच काचेवर आदळते. एवढ्या अपघाताचीही गरज नाही. काच अर्धी खाली असताना दार जोरात आपटले, किंवा हंगामात ऊस भरलेल्या ट्रॉलीमागे खड्ड्यांतून गाडी आदळत गेली, तरी साधी काच तडकण्याचा संभव असतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०० नुसार गाडीच्या काचा सेफ्टी ग्लासच्या किंवा सेफ्टी ग्लेझिंगच्या, म्हणजे टफन्ड किंवा लॅमिनेटेड अशा सुरक्षित प्रकारच्याच, असाव्या लागतात. संदेशात ‘कोणी पाहत नाही’ असे लिहिले आहे. अपघातानंतर पाहतात, आणि काचेवर शिक्का नसेल तर ते पाहायला भिंगही लागत नाही.

काही जण यावर म्हणतील की दुकानांच्या दर्शनी भागासाठी मापाप्रमाणे टफन्ड करून मिळणारी काच मागवावी. ती मिळते, हे खरे, पण ती सपाट असते. आपल्या गाडीच्या शाबूत असलेल्या दुसऱ्या दाराच्या काचेवर एक फूटपट्टी उभी धरून पाहावी. दोन्ही टोके टेकवू गेले तर मध्ये काच फुगलेली लागते आणि पट्टी डुगडुगते. काच गाडीच्या अंगाला धरून वळलेली असते आणि त्याच वळणाने दाराच्या पोटात उतरते. सपाट काच त्या वळणदार रबरी चॅनेलमधून सरकणार नाही. जबरदस्तीने सरकवली तर पॉवर विंडोची मशीन तरी जाईल, नाहीतर पुन्हा काच.

तिसरा सल्ला आहे की तुकडे दाराच्या तळाशी पडलेले असतात, ते आपोआप निघून जातात, त्यांच्या सफाईचे पैसे देऊ नयेत. ज्याने कधी डोअर पॅड, म्हणजे दाराचे आतल्या बाजूचे आच्छादन, उघडून पाहिलेले नाही, तोच असे लिहू शकतो. हँडलमागचे स्क्रू काढून क्लिपा एकेक करून सोडवल्या की पॅड बाहेर येते. त्यामागे काळ्या चिकट पट्टीने डकवलेले प्लॅस्टिकचे किंवा फोमचे आवरण असते. ते सोलले की दाराचे पोट दिसते. तळाशी मूठ-दोन मुठी चुरा, मशीनच्या रुळावरच्या ग्रीसमध्ये रुतलेले कण, रबरी चॅनेलच्या खाचेत अडकलेले दोन-चार तुकडे, आणि दाराच्या अगदी खालच्या कडेला, पावसाचे पाणी बाहेर जाण्यासाठी ठेवलेली जी लहान भोके असतात, त्यांच्या तोंडाशी साचलेली काच. ती भोके बुजली की पाणी दारातच साठते आणि पत्रा आतून गंजतो. खाचेतला एक कण राहिला, तर नव्या काचेवर पहिल्याच आठवड्यात उभा ओरखडा उमटतो. हे सगळे काढायला वेळ लागतो आणि त्या वेळेचे पैसे देणे योग्य आहे.

ते आवरणही फाडून फेकायची वस्तू नाही. ते नीट न चिकटवता पॅड बसवले तर जून-जुलैच्या पावसात पायाखालचा गालिचा ओला होतो आणि मालक छताची गळती शोधत बसतो. शिवाय काही उंची गाड्यांत बाजूच्या धडकेची जाणीव करून देणारा सेन्सर दाराच्या पोकळीतल्या हवेच्या दाबावर चालतो. धडकेने दार चेपले की आतला दाब एकदम वाढतो आणि बाजूच्या एअरबॅगना आज्ञा जाते. पोकळी फाटक्या आवरणामुळे मोकळी राहिली तर त्या मोजणीवर भरवसा ठेवता येत नाही. रस्त्याकडेला अर्ध्या तासात काच ‘मारून’ देणाऱ्याला हे सांगितले तर तो हसेल. त्याच्या हसण्यावरून काय ते समजावे.

चौथा मुद्दा, काच बसवल्यावर खिडकीचे ‘इनिशियलायझेशन’, म्हणजे काचेची हद्द मोटरला नव्याने ओळखायला लावणे, हे शोरूमचे नाटक असल्याचा. हे काम लहान आहे, त्याचे वेगळे मोठे बिल लावणाऱ्याशी खुशाल भांडावे. पुष्कळ गाड्यांत काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद दाबून धरले की ते होते, आणि नेमकी कृती गाडीच्या पुस्तिकेत असते. पण ते टाळू नये. एका स्पर्शात वर जाणाऱ्या काचेच्या मध्ये हात आला तर ती थांबून उलटी फिरावी, यासाठी काच कुठे संपते हे मोटरला ठाऊक असावे लागते. संयुक्त राष्ट्रांच्या २१ क्रमांकाच्या वाहन नियमात अशा खिडकीचा चिमटा १०० न्यूटनच्या (साधारण दहा किलो वजनाच्या दाबाच्या) पुढे जाऊ नये, असे बंधन आहे. ते लहान मुलांच्या बोटांसाठी आणि मानेसाठीच घातलेले आहे.

आता विमा. येथे संदेशाने एकाच परिच्छेदात दोन परस्परविरोधी गोष्टी सांगितल्या आहेत. आधी म्हणतो की काचेवर निम्मा घसारा (भाग जुना झाल्याबद्दलची वजावट) कापतात, म्हणून क्लेम करण्यात अर्थ नाही. पुढच्याच ओळीत सांगतो की चोराने काच फोडली असली तरी ‘दगड उडाला’ असे लिहून क्लेम घ्यावा, म्हणजे पोलिसांचा ससेमिरा चुकतो.

घसाऱ्याबद्दल २००२ च्या इंडिया मोटर टॅरिफमधली, म्हणजे मोटार विम्याच्या दर-अटींच्या नियमावलीतली, तरतूद स्पष्ट आहे. रबर, नायलॉन, प्लॅस्टिकचे भाग, टायर आणि बॅटरी यांवर ५० टक्के, फायबरग्लासवर ३० टक्के आणि काचेच्या सर्व भागांवर शून्य. पुढे २००७ पासून विम्याचे दर मोकळे झाले, तरी सर्वसाधारण पॉलिसीच्या छापील मजकुरात हे कोष्टक आजही आढळते. ‘निम्मा घसारा’ काचेसोबत बदलाव्या लागणाऱ्या रबरी चॅनेलला आणि प्लॅस्टिकच्या क्लिपांना लागतो, काचेला नाही. त्याखेरीज सक्तीची वजावट, म्हणजे दर दाव्यात मालकाने स्वतः सोसायची रक्कम असते, ती १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये आणि त्यापुढच्या गाडीला २,००० रुपये. हे सारे स्वतःच्या नुकसानीचे संरक्षण असलेल्या पॉलिसीला लागू आहे. फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर काचेचा एक रुपयाही मिळत नाही.

क्लेम न करणे कधी कधी शहाणपणाचे ठरते, एवढे मात्र संदेशाने चुकून बरोबर सांगितले आहे. कारण मात्र नो क्लेम बोनसचे, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीचे आहे. हा बोनस २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के अशा पायऱ्यांनी चढतो आणि एका क्लेमने सहसा शून्यावर येतो. समजा स्वतःच्या नुकसानीचा वार्षिक हप्ता बोनसपूर्वी ४०,००० रुपये आहे आणि मालक ५० टक्क्यांवर आहे. क्लेम केला तर पुढच्या पाच नूतनीकरणांत तो अनुक्रमे ५०, ३०, २५, १५ आणि ५ टक्के सवलत गमावतो. बेरीज १२५ टक्के, म्हणजे हप्ता तेवढाच राहिला असे धरल्यास ५०,००० रुपये. गाडी जुनी होते तसा हप्ता उतरतो, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा कमी भरेल. तरीही काचेचे अंदाजपत्रक २०,००० रुपयांचे असेल तर खिशातून देणे परवडते. बोनस सुरक्षित ठेवणारे जादा कलम घेतले असेल, तर हिशेब वेगळा होतो. पॉलिसी काढून तेवढे एक पान वाचावे.

खोटे कारण लिहिण्याच्या सल्ल्याबद्दल मात्र मला मवाळ भाषा वापरता येत नाही. दाव्याच्या अर्जावर मालकाची सही असते आणि जाणूनबुजून केलेले चुकीचे निवेदन हे संपूर्ण दावा फेटाळण्याचे कारण असते. दाराच्या चौकटीवर पहार घातल्याची खूण असेल, तर ‘दगड’ लगेच उघडा पडतो. त्यातून गाडीतली बॅग गेली असेल, तर तिचा मोबदला मोटार पॉलिसी देत नाही, पण बॅगेतले आरसी, पासपोर्ट किंवा चेकबुक गेले असेल तर पोलीस तक्रारीची प्रत पुढे पावलोपावली लागते. ‘दगड उडाला’ असे लिहून दिलेला माणूस नंतर चोरीची फिर्याद कोणत्या तोंडाने देणार? काच खरोखर उडालेल्या दगडाने फुटली असेल, तर साधारणपणे एफआयआर मागितला जात नाही, त्यामुळे ज्याला ससेमिरा म्हटले आहे तो प्रामाणिक माणसाच्या वाट्याला येत नाही.

शोरूमच्या दरांबद्दलची तक्रार पूर्ण खोटी नाही. कंपनीचे चिन्ह छापलेली काच आणि त्याच काच उत्पादकाची, त्याच मानकाची, चिन्ह नसलेली काच यांच्या किमतीत फरक असतो आणि तो फरक देण्याचे बंधन कोणावर नाही. अशी काच मागवून उद्यमनगरातल्या जाणकार फिटरकडून बसवून घेणे हा रास्त मार्ग आहे. मी दाजींना तोच सुचवला. काच येईपर्यंत खिडकीला जाड पारदर्शक प्लॅस्टिक लावावे, चिकटपट्टी रंगावर न लावता दाराच्या चौकटीच्या आतल्या बाजूने घ्यावी, आणि त्या दाराचे खिडकीचे बटण कोणी दाबू नये.

शेवटची ओळ काळ्या फिल्मची आहे: ‘नवी काच बसवतानाच फिल्म मारून घ्या, २०१२ चा निकाल आता संपला.’ सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजी काचांवरील फिल्मला मनाई केली होती. नंतर नियम १०० मध्ये दुरुस्ती झाली आणि तिच्या आधारे केरळ उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये मर्यादेतील फिल्म चालेल असे म्हटले. ती मर्यादा मात्र कायम आहे: पुढच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आत आला पाहिजे. काचेला मुळातच थोडी रंगछटा असते. तिच्यातून ७५ टक्के प्रकाश येत असेल आणि वर ‘५० टक्क्यांची’ फिल्म लावली, तर आत पोहोचतो तो साडेसदतीस टक्के.